मानेचा एक्स-रे

"मानेचा एक्स-रे आणल्याशिवाय केतकीला मॅटवर उतरवणार नाही," जिम्नॅस्टिक्सचे सर म्हणाले आणि विशाखाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डाउन सिंड्रोम असलेल्या या लेकीला घेऊन त्यांनी एकोणीस वर्षं दारोदार वाद घातले होते. बालवाडीनं नको म्हटलं, नाचाच्या क्लासनं नको म्हटलं आणि आता स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना हे.

"अशी मुलगी संघात नको, असं सरळ सांगा ना!"

"ओरडा खुशाल. या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. कोलांटउडी मारताना मज्जारज्जू चेपला, तर जन्मभर अंथरुणावर पडेल ती. हल्ली ती चालताना अडखळते, दिसत नाही तुम्हाला?"

दिसत होतं. पण तो आळस समजून त्या रोज तिच्यावर खेकसत होत्या. सरांचं तोंड बंद करायचं, एवढ्यासाठीच त्यांनी दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून घेतला.

तो पाहताच डॉक्टरांनी केतकीला जागचं हलू दिलं नाही. मानेला पट्टा बांधला आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं.

चार महिन्यांनी विशाखाताई केतकीचा हात धरून हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. सरांचे आभार मानायचे, असं ठरवून आल्या होत्या. पण ते समोर येताच त्यांचा आवाज चढलाच.

"तिच्या कोलांट्या तुम्ही बंद केल्यात. आता दुसरं काय शिकवणार, ते बोला!"