टँकरचा भोंगा

त्या दुष्काळात आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत घंटागाडी रोज गाणं वाजवत यायची आणि रिकामीच जायची. कचरा कोपऱ्यावरच्या ढिगावर पडायचा. पाण्याच्या टँकरचा भोंगा ऐकला की मात्र सगळी गल्ली हंडे घेऊन पळत सुटायची. शेवटी वैतागून घंटागाडीवाल्या सुदर्शननं तसाच भोंगा आपल्या गाडीला बसवला.

पहिल्या दिवशी सरूबाई दोन कळशा घेऊन सगळ्यांच्या पुढं. "मुडद्या, पाणी कुठंय?"

"पाणी नाय, मावशी. आलाच हाय तर कचरा आणा. ओला अलग, सुका अलग."

शिव्या देत का होईना, गल्लीनं कचरा आणला. मग सवयच लागली. भोंगा वाजला की एका हातात ओला, दुसऱ्या हातात सुका. कोपऱ्यावरचा ढीग गेला. टँकरचा तेवढा पत्ता नव्हता.

एका सकाळी तो आला. भोंगा वाजताच अख्खी गल्ली कचऱ्याच्या दोन-दोन बादल्या घेऊन रांगेत उभी. हंडा एकाच्याही हातात नाही. सरूबाईनं पाण्यानं गच्च भरलेल्या त्या टँकरकडं खालून वर पाहिलं आणि खुशीत ओरडली,

"आज लई मोठी गाडी आणली की रं! उघड वरचं झाकण!"