मंगळवारचा व्हायरस

“परत शिरला,” चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी फोन काउंटरवर पालथा ठेवला.

फोनवालीने तो सरळ केला. पडद्यावर जाहिराती थुईथुई नाचत होत्या. एक मिटवली की दोन उगवत होत्या. कोपऱ्यात एक मांजर डोळे मिचकावत होतं.

“हे काय नवीन?”

“मांजराची भाषा समजावून सांगणारं ॲप आहे म्हणे.”

“तुमच्याकडे मांजर आहे?”

“नाही.”

झेरॉक्स मशीनमागून थोरली बहीण उगाचच खोकली. दुकान दोघी बहिणींचं. थोरली झेरॉक्स काढायची, धाकटी फोन दुरुस्त करायची. समोरच्या चष्म्याच्या दुकानाला मंगळवारी सुटी, आणि सलग नऊ आठवडे चष्मेवाल्यांच्या फोनला मंगळवारीच व्हायरस लागत होता. कधी टॉर्चच्या ॲपमधून, कधी बॅटरी दुप्पट करणाऱ्या ॲपमधून. एरवी हा माणूस इतका काटेकोर, की पाव नंबरच्या फरकासाठी गिऱ्हाइकाला अर्धा अर्धा तास अक्षरं वाचायला लावायचा. फोनच्या बाबतीत मात्र अगदीच ढ.

फोनवालीची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. मंगळवारी ती ठेवणीतला कुर्ता घालायची. साफसफाईचं काम वीस मिनिटांचं, पण ताणून ताणून तिने ते दीड तासावर नेलं होतं. तेवढ्या वेळात चष्मेवाले गिऱ्हाइकांच्या नकला करायचे आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली, दोघांचंही लग्न राहून गेलेलं. अशा वयात मंगळवारची इतकी वाट बघणं तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटायचं, आणि भारी आवडायचं.

आज मात्र चष्मेवाल्यांनी नक्कल केली नाही.

“माझी बहीण मागे लागलीय,” ते म्हणाले. “म्हणते, हा अँड्रॉइड दे टाकून आणि आयफोन घे, त्यात व्हायरस येतच नाही. मी तिला म्हटलं, त्यातल्या जाणकार बाईंना विचारतो. तुम्ही सांगाल तसं करू. पण खरं काय ते सांगा.”

फोनवालीचा स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. खरं सांगितलं तर मंगळवार संपले. थाप मारणं एका वाक्याचं काम होतं. पण फोनच्या बाबतीत तिने आजवर कुणाला थाप मारली नव्हती, आणि सुरुवात याच माणसापासून करणं तिच्या जिवावर आलं.

“येतच नाही असा फोन अजून निघालेला नाही,” ती म्हणाली. “अँड्रॉइडमध्ये कुठल्याही वेबसाइटवरून ॲप उचलून आत घालता येतं. त्यासाठी एक परवानगी असते. ती बंद ठेवली, ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घेतलं, अपडेट वेळेवर केला, की तोही चांगला सुरक्षित. आयफोनमध्ये बाहेरचं ॲप असं सहजासहजी शिरत नाही.” तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “जो माणूस समोर दिसेल ते बटण दाबतो, त्याने आयफोन घ्यावा.”

“म्हणजे मी,” चष्मेवाले पडलेल्या आवाजात म्हणाले.

“म्हणजे तुम्ही.”

पुढचा मंगळवार सुना गेला. त्याच्या पुढचाही. फोनवालीने एकाचं कव्हर दुसऱ्याच्या फोनला घालून दिलं आणि वर त्यालाच ओरडली.

“रस्ता ओलांडायला बावीस पावलं लागतात,” थोरली म्हणाली. “मी मोजलीत.”

“कशाला जाऊ, ताई? माझ्या चष्म्याचा नंबर काही वाढलेला नाही.”

“मग वाढव!”

तिसऱ्या मंगळवारी चष्मेवाले धापा टाकत आत आले. हातात नवाकोरा आयफोन.

“यातही शिरला!”

फोनवालीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून तिने फोन घेतला. उघडला. इकडून बघितला, तिकडून बघितला. एक जाहिरात नाही, एक फालतू ॲप नाही. फोन लख्ख होता.

“कुठे शिरलाय?”

“असेल आत कुठेतरी. नीट शोधा. वेळ लागला तरी चालेल, मी बसतो.”

तिने ब्राउझर उघडला. दोन आठवड्यांत काय काय शोधलं होतं, त्याची यादी समोर आली. ती मोठ्याने वाचता वाचता तिला हसू आवरेना.

“‘फोनमध्ये व्हायरस कसा घालावा.’ ‘आयफोनमध्ये व्हायरस का शिरत नाही.’ ‘व्हायरस मंगळवारपर्यंत हवा आहे.’”

थोरली मशीनवर डोकं टेकून हसत सुटली. तिच्या कोपराखाली कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि कुणाच्या तरी लाइट बिलाच्या प्रतींवर प्रती बाहेर पडू लागल्या.

चष्मेवाले कानापर्यंत लाल झाले. मग, आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून, तेही हसू लागले.

“जुन्यात सोपं होतं हो,” ते म्हणाले. “सोमवारी दुकान बंद केलं की एखादं भिकार ॲप शोधायचं आणि घालून टाकायचं. यात दोन आठवडे खपलो, जमलंच नाही. शेवटी म्हटलं, नुसतं जाऊन सांगू, आला म्हणून.” त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. “पण मला एक कोडं सुटत नाही. दर मंगळवारी माझा जीव टांगणीला असायचा, की आज तुम्ही ती बाहेरच्या ॲपची परवानगी बंद करणार आणि माझं येणं संपणार. तुमच्यासारख्या पक्क्या बाईच्या नजरेतून ती नऊ वेळा सुटली कशी?”

फोनवालीने चष्मा काढला. कुर्त्याच्या टोकाला पुसला. परत घातला.

“सुटली नाही,” ती म्हणाली. “फोन साफ केला की सवयीने मी ती बंदच करायचे. तुमच्या हातात देताना परत चालू करायचे.”