उघडं मनगट

घाटात बर्फ साचला असूनही तिलेक शहरातून गाडी हाकत आला आणि धापा टाकत घरात शिरला. त्याची आई बुरुल, त्याची ‘आपा’, शेगडीला खेटून निवांत चहा पीत होती. “आपा, जिवंत आहेस!” तो मटकन बसला. “मग काय, मेलेली माणसं चहा पितात?” त्यानेच तिच्या मनगटावर बांधलेला, नाडी त्याला फोनवर कळवणारा पट्टा सकाळपासून गप्प होता. “याला बॅटरी नाही,” तिलेक म्हणाला. “ अंग गरम, हवा गार असली तरच चालतो. शेगडीपासून लांब बसत जा.” तो निघताना तिला गाडीचं चेपलेलं दार दिसलं. “घाटात जरा घसरली,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिला मोठ्या बहिणीच्या मानाने ‘एजे’ म्हणणारी शेजारीण आली, तर बुरुल उघड्या दारात बाही सारून कुडकुडत बसलेली. “एजे, वेड लागलं का? दार लाव!” “नको गं. पट्टा थांबला, तर तिलेक पुन्हा घाट चढेल.”