वरून दिसणारी वाकळ

आज वाकळ टाकायचीच नाही, असं नाथाजींनी ठरवलं आणि ते मोबाईल मांडीवर घेऊन सोप्यात बसले.

गेलं वर्षभर रोज सकाळी ते तांबडी वाकळ स्लॅबवर पसरायचे. त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली ती शेवटची वाकळ. त्या गेल्यावर नाथाजींनी ती कधी पांघरली नाही. ती पसरायची ती जयराजला दिसावी म्हणून.

जयराज त्यांचा एकुलता एक. फौजेतली त्याची मुदत संपत आली होती, तेवढ्यात लष्कराची नवी दक्षिण अंतराळ कमांड उभी राहिली आणि तिथं घ्यायच्या माणसांत त्याचं नाव निघालं. पाटण तालुक्यातलं हे गाव फौजींचं. पण आभाळातून पहारा करणारा हा पहिलाच. मग काय विचारता! ऑर्डर हातात पडायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला, हलगी कडाडली, जीपमधून मिरवणूक निघाली. मधेच जयराजला एक फोन आला. बाजूला जाऊन तो बोलून आला आणि फेटा सारखा करून गुपचूप जीपमध्ये बसला. पोराला आनंदानं बोलवेना, असं गाव म्हणालं.

निघताना नाथाजींनी आपली जुनी दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि स्वतःच हसले.

"तुला काय करायची रं ही? तुझ्याकडं तर सॅटेलाइट."

"असू द्या आबा, लागंल," म्हणत त्यानं ती पिशवीत टाकली. "पत्ता इचारू नगा, सांगता येत न्हाई. पर रोज सकाळी आईची वाकळ स्लॅबवर टाकत जावा. मी वरनं बघतो. दिसली की मी बिनघोर."

त्यानंतर तो आला नाही. रविवारी फोन तेवढा यायचा.

"काल म्हस सुटली हुती नव्हं?" तो विचारायचा, आणि नाथाजींना भरून यायचं. फोनमध्ये कायम काहीतरी घोंगावत असायचं.

"लय वारं हाय व्हय रं तिथं?"

"पंखं हायत आबा. लय मोठं."

मशिनी गार ठेवायला लागत असतील, असं नाथाजींनी सगळ्या गावाला समजावून सांगितलं.

काल पारावर मात्र बाळासो सुभेदारानं काडी टाकली. "नाथा, गड्या, सरकार काय तुझी वाकळ बघाय उपग्रह सोडतंय व्हय? ती शेजारची झुबेदा सांगत आसंल त्येला फोनवर."

घरी येऊन विचारलं तर झुबेदानं कानाला हात लावले. "आवं आबा, माझ्याकडं त्येचा नंबर तरी हाय का?"

रात्री नाथाजी ताटावरून तसेच उठले. जयराजनं लग्न केलं नव्हतं; घरात सून नाही, नातवंडं नाहीत. दिवसभरात आपल्याकडं बघणारं कोणीतरी वर आहे, एवढ्याच भरवशावर ते रोज उठत होते. तेही खोटं निघालं तर?

म्हणून आज वाकळ घडीतच होती. ऊन वर आलं. गावावरच्या पठारावर पवनचक्क्या रोजच्यासारख्या फिरत होत्या. नाथाजींनी उठून चुलीवर भात टाकला, तेवढ्यात मोबाईल वाजला.

जयराज! आणि आज रविवारही नव्हता.

"बघतंय! माझं पोरगं बघतंय!" नाथाजी एकटेच ओरडले. डोळे पुसत त्यांनी अंगठा पुढं केला आणि थांबले. वर्ष झालं, लेकानं तोंड दाखवलं नाही. करू दे की जरा काळजी! फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग वाजेना.

आता मात्र त्यांनाच राहवेना. कुठं लांब मुलखात पोराच्या जिवाला घोर लावला आपण! त्यांनी उलटा फोन लावला, तर उचलेना. धडपडत ते जिना चढले, वाकळ पसरली आणि आभाळाकडं तोंड करून दोन्ही हात हलवायला लागले.

"हाय रं, हाय! बरा हाय मी!"

झुबेदा अंगणातून बघत राहिली. आभाळ नुसतं निळं होतं. हात दुखले तसे नाथाजी खाली निघाले.

भात अजून शिजायचा होता. दारात मोटारसायकल आडवी पडल्याचा आवाज आला.

"आबा! ओ आबा!"

नाथाजी जिन्यातच थांबले. उंबऱ्यात जयराज उभा होता, धापा टाकत. गळ्यात त्यांची दुर्बीण होती, आणि निळ्या शर्टाच्या खिशावर पठारावरच्या पवनचक्की कंपनीचा बिल्ला : सुरक्षारक्षक.