विटाळ

ओफ्कानं मांस तिसऱ्यांदा व्हिनेगरमधून काढलं, तरी वास गेला नव्हता. काप घेतल्यावर आत जवाच्या दाण्याएवढे पांढरे फोड दिसले. एक तिच्या बोटाखाली फुटला. तिनं बोट चुलीतल्या राखेत घासलं.

"मरवा जास्त घाल," दारातून बेन्याश म्हणाला. "आणि बारीक वाट. रुग्णघरातल्या म्हाताऱ्यांना दात कुठे आहेत?"

"ही डुकरीण कापलेली नाही. मेलेली आणलीत तुम्ही."

"कशावरून?"

"रक्त सगळं आतच गोठलंय."

बेन्याश हसला. "खाटकाची बायको शोभतेस खरी."

"मागच्या आठवड्यात तिथं तिघं गेली. पोटात आग होऊन."

"जायलाच आली होती ती. उद्या शपथ झाली की मी नगरपंच. मांस तपासायचं काम माझ्याकडे. विकणारा मी, तपासणारा मी." त्यानं एक आतडं फुंकून फुगवलं, उजेडात धरून पाहिलं. "मग रुग्णघरच कशाला? सगळं गाव खाईल."

ओफ्का आधीच खाटकांच्या संघाच्या प्रमुखाकडे जाऊन आली होती. तो जेवत होता. त्याच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती, आणि ताटातला चांगला तुकडा बेन्याशच्याच दुकानातला होता. बायकोची नवऱ्याविरुद्ध साक्ष चालत नाही, एवढं सांगून त्यानं हाड चोखायला घेतलं. त्याच्या वर जायचं तर नगरसभा होती. सात घरं, तेच आजोबा, तेच नातू. त्या सातही घरांत बेन्याशकडून सॉसेजच्या माळा पोचल्या होत्या. त्या मात्र ताज्या मांसाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गर्दी एकाएकी दोन्ही बाजूंना सरकली.

"आला बघ विटाळ," शेजारची चीजवाली हान्कामावशी पुटपुटली आणि तिनं चीजवर फडकं ओढलं.

गावच्या जल्लादाला सगळे उस्ताद म्हणत. नाव कुणी घेत नसे. फाशी देणं, मेलेली जनावरं ओढून नेणं, संडासाचे खड्डे उपसणं, सगळं त्याच्याकडे. जुना जल्लाद मेल्यावर तीन वर्षांपूर्वी तो कुठून तरी लांबून आला होता. कशालाही हात लावायची त्याला मुभा नव्हती. हवं ते तो पांढऱ्या काठीनं दाखवायचा.

काठी नेहमीसारखी ओफ्काच्या फळीवरच्या नळीच्या हाडाकडे वळली.

"गुराखी म्हणत होता, तीन डुकरं मेली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्याकडे एकही आलं नाही."

"तुला विचारलं का कुणी?" हान्कामावशी कडाडली. "तुझ्या साक्षीला कुत्रं तरी विचारतं का रे? हाड घे नि चालू लाग."

ओफ्कानं मान वर केली नाही. तिनं हाड फळीच्या टोकाला ठेवलं. तिचा हात मागं गेल्यावरच त्यानं ते उचललं. नाणं, विटाळ धुवायला ठेवलेल्या व्हिनेगरच्या वाडग्यात पडलं.

"त्याच्याकडे बघत नाहीस तेच बरं," तो गेल्यावर हान्कामावशी म्हणाली. "यारोश पिंपवाल्यानं त्याच्यासोबत एक पेला काय घेतला, संघानं हाकलून दिलं. बायकोपोरंही बाटली. आता भीक मागतायत."

"मला किळस येते," ओफ्का म्हणाली.

"येणारच गं. चांगल्या घरची तू."

दुपारी नगरभवनाच्या पायऱ्यांवर सात घरांचे सात म्हातारे फरच्या झग्यांत घाम गाळत उभे होते. बेन्याशनं गुलाबपाण्यात हात धुतले. रुग्णघरासाठीची टोपली पायरीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. नव्या पंचाचं दान. मरव्याच्या वासाखालचा दुसरा वास ओफ्काला खालपर्यंत येत होता. माशांनाही येत असावा.

सर्वांत वयस्कर म्हाताऱ्यानं विचारलं, "या माणसाच्या कुळाला, याच्या बायकोच्या कुळाला काही डाग? ठाऊक असेल त्यानं बोलावं."

"बायको परगावची," बेन्याश मोठ्यानं म्हणाला. "आत्यानं वाढवलेली. सासू नाही, सासरा नाही. माझ्याइतका सुखी जावई कोण?"

लोक हसले. म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

ओफ्कानं ॲप्रन सोडला आणि घडी करून हान्कामावशीच्या हातात दिला. ती नवऱ्याशेजारी उभी राहायला निघाली असं समजून लोकांनी तिला वाट करून दिली. बेन्याशनं तिच्यासाठी हात पुढं केला. ती पायऱ्या न चढता पुढं गेली, विहिरीकडे. तिथं उस्ताद उभा होता, आणि त्याच्याभोवती नेहमीसारखी मोकळी जागा.

ती त्या मोकळ्या जागेत शिरली. गुडघे टेकले. काठी धरलेला तो काळपट हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर ओठ ठेवले. उस्तादानं चटका बसल्यासारखा हात ओढला.

"हात मागं घेऊ नका, बाबा," ती सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.