आपल्या गाडीचं ऑइल

गाडी नवी होती तेव्हा ड्रायव्हर डोमाजीनं शहरातल्या सदर भागात राहणाऱ्या आपल्या मालकांना, वकीलसाहेबांना, शब्द दिला होता, "साहेब, ही चालते तोवर मीच चालवीन." त्याला आता सव्वीस वर्षं झाली. दीड लाख मैल धावून गाडी निळा धूर ओकत होती आणि क्लच दाबताना डोमाजीच्या गुडघ्यातून कळ निघत होती. तिकडे गावी बायको एकटीच वाट पाहत होती.

"डोमाजीभाऊ, यावेळी स्वस्तातलं खुलं ऑइल टाका अन् फिल्टर जुनंच राहू द्या," मेकॅनिक ओमप्रकाश हळूच म्हणाला. "पावसाळ्याच्या आत इंजिन बसते. तुम्ही मोकळे! कोणाले काय समजते?"

डोमाजीला ते पटलं. दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत तो मनानं गावच्या ओसरीवर जाऊन टेकलासुद्धा होता.

"कोणत्या गाडीले पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

"आपल्या गाडीले," डोमाजीच्या तोंडून निघून गेलं. मग खुलं ऑइल मागायला त्याची जीभच रेटेना. जुन्या इंजिनाला मानवतं तसं चांगलं जाड ऑइल त्यानं सीलबंद डब्यात घेतलं, फिल्टरही नवं घेतलं आणि दोन्ही स्वतःच्या हातानं गाडीत घातली. धूर कमी झाला. इंजिन पुन्हा एका लयीत चालू लागलं.

संध्याकाळी त्यानं बायकोला पोस्टकार्ड लिहिलं.



"यंदाही येणं होत नाही. गाडी मस्त चालून राहिली."