माडाखालची गाडी

"हलवायची नाही म्हणजे इंचभरही नाही," कस्टमच्या रचना मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या माणसाने गाडीच्या दारांवर एकेक करून सील चिकटवलं.

श्रीरंग नंदाखाल गावातल्या आपल्या अंगणात, आपल्याच दारात, पाहुण्यासारखा अवघडून उभा होता. समोर त्याची काळी परदेशी जीप. नारळ फोडून, लिंबू-मिरची बांधून घरात घेतलेली.

"पण मॅडम, सगळे पैसे दिलेत मी. आरसी माझ्या नावावर आहे."

"आहे ना. पण गाडी देशात आली तेव्हा ड्यूटी भरलेलीच नाही. कुणा पर्यटकाची गाडी म्हणून आत आली, मुदतीत परत जायला हवी होती. ती गेली नाही. खोट्या कागदांवर लांबच्या राज्यात नोंदवली आणि फिरवत फिरवत तुमच्या गळ्यात मारली."

"ह्यात माझा काय दोष?"

"बिल ऑफ एंट्री मागितलं होतं का, काका? बंदरात ड्यूटी भरल्याचा कागद. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघायचा असतो."

नंबर श्रीरंगने बघितला होता, पण पाटीवरचा. ज्योतिषाने सांगितलं होतं, बेरीज नऊ यायला हवी. त्यापायी दोन चांगल्या गाड्या त्याने नाकारल्या. मग विरारच्या त्या गाळ्यात चिराग नावाचा दलाल म्हणाला, "शेठ, नऊवाली खास तुमच्यासाठी ठेवलीय." केळीचे घड वाहून ज्याच्या खांद्याला घट्टे पडले, त्याला जन्मात पहिल्यांदा कोणी शेठ म्हणत होतं. शेठ लोक कागद कशाला मागतील? आता त्याच चिरागचा फोन सकाळपासून बंद लागत होता.

"मी बोलले होते," ओट्यावरून यमुना म्हणाली. "म्हैस घेताना शेपटीपासून दातापर्यंत बघता, हिचं मूळ कुठलं ते कोनाला तरी विचारा. तर म्हनतात, तुला गाड्यांतलं काय कळतं."

"तू गप गं!" श्रीरंग खेकसला. बायकोचं बरोबर निघावं, तेही चारचौघांत, याच्याइतका जळफळाट दुसऱ्या कशाने होत नाही.

मॅडमनी सुपुर्दनामा पुढे केला. गाडी जप्त, पण गोदामात जागा नाही, म्हणून तूर्त त्याच्याच ताब्यात. चालवायची नाही, विकायची नाही. पुढेमागे ड्यूटी आणि दंड भरून सोडवायची परवानगी मिळाली, तर गाडी आज आहे तशी असायला हवी. साधी काच तडकली तरी जबाब त्यानेच द्यायचा.

"म्हणजे गाडी सरकारची आणि राखण माझी?"

"सही इथे करा."

त्याने सही केली. न करून सांगतो कोणाला? मागची अख्खी केळीची वाडी देऊन ही गाडी आली होती. ही गेली तर वाडीही गेली आणि गाडीही. सुटण्याची जी काही आशा होती ती ह्या चार चाकांवर उभी होती, आणि तिला ओरखडाही पडून चालणार नव्हता.

तेवढ्यात वरून एक सुकी झावळी सुटली आणि सर्रकन बॉनेटवर आपटली.

सगळ्यांनी वर पाहिलं. गाडी उन्हात तापू नये म्हणून श्रीरंगने ती मुद्दाम माडाखाली लावली होती. माडाला नारळ लगडले होते, पिकून तपकिरी झालेले. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

"हे आधी उतरवून घ्या, काका," जाताना त्या एवढंच म्हणाल्या.

नारळ उतरवणाऱ्या रामूला फोन लावला तर तो अर्नाळ्याला, कुणाच्या तरी वाडीत. सोमवारी बघू म्हणाला. सोमवारपर्यंत! श्रीरंगला रडू येत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. चिराग काही समोर नव्हता. समोर होता तो माड.

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कोयता कमरेला खोचला आणि खाचांत पाय रोवून चढू लागला.

"अहो, साठी आली तुमची! उतरा खाली!" यमुना ओरडली. तो थांबला नाही. हातापायांना जुनी सवय होती, फक्त दम पूर्वीसारखा उरला नव्हता.

शेंड्याला पोचून त्याने झावळीला हात घातला आणि पलीकडे पाहिलं. वाडी विकल्यापासून त्या बाजूला त्याने नजर टाकली नव्हती. केळी गेल्या होत्या. पत्र्याच्या कुंपणाआड माणसं लोखंड कापत होती. जिथे बावखल, वाडीतलं तळं, होतं तिथे भराव घालून सपाट केलं होतं. इथून नारळ तोडला की थेट त्या पाण्यात टाकायचा, ही वडिलांच्या वेळेपासूनची रीत. डुब्ब आवाज व्हायचा आणि नारळ आपोआप तरंगत काठाला लागायचा. नारळ खाली सोडायला दोर कधी लागलाच नाही.

त्याने पहिला नारळ तोडला. सवयीने हात त्याच बाजूला गेला.

"तिकडे नको!" खालून यमुना किंचाळली. "मानसं आहेत तिकडे! जमीन आता त्यांची!"

त्याने हात मागे घेतला, तोल सावरला आणि अंगणाकडे वळला. अंगण लहान, ते सगळं गाडीनेच भरलेलं.

"अहो, इकडे पन नको! गाडी सरकारची!"

श्रीरंगने एका हाताने माड घट्ट कवटाळला. दुसऱ्या हातातला नारळ पाण्याने भरलेला होता, चांगला जड.